नियम अजून फायनल नाहीत, तारीख पुढे जाईल म्हणतात, मग तयारी कुठून सुरू करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वित्तीय कंपन्यांना येऊ घातलेल्या नियमांची तयारी करून द्यायच्या कामात तुम्ही नवीन आहात, पहिला क्लायंट मध्यम आकाराचा आहे, नियमांचा मसुदा आलाय पण फायनल नाही, आणि वरची मंडळी म्हणतायत की तारीख ढकलली जाणारच, मग आत्तापासून पैसे कशाला घालवायचे. अशात सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी हे काम बरीच वर्षं करतेय, बँका, ब्रोकर, फंड मॅनेजर, इन्शुरन्स सगळीकडे केलंय, आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नियमातला जो भाग पूर्ण व्हायला कंपनीबाहेरच्या कुणाचा तरी होकार, सही किंवा माहिती लागते, तो भाग सगळ्यात आधी शोधा आणि फायनल नियमाची वाट न बघता त्यावर काम सुरू करा. सिस्टीम, पॉलिसी, ट्रेनिंग ही कामं शेवटी जास्तीची माणसं लावून, रात्री जागून कशीबशी उरकता येतात. दुसऱ्याची सही तशी उरकता येत नाही. मी ज्या ज्या ठिकाणी तयारी फसलेली बघितली तिथे बहुतेक वेळा कारण हेच होतं, सॉफ्टवेअर हे कारण नव्हतं.

उदाहरण म्हणून मिफिड टू घ्या. युरोपातला शेअर, बॉण्ड वगैरेंच्या बाजाराचा हा नियम ३ जानेवारी २०१८ ला लागू झाला, हजारो पानांचा पसारा, आणि सगळ्यांचं लक्ष ट्रेड रिपोर्टिंगच्या, म्हणजे झालेले व्यवहार रेग्युलेटरला कळवायच्या, सिस्टीमवर. पण त्यात एक साधी अट होती की ज्या क्लायंट संस्थेकडे एलईआय नाही, म्हणजे तो २० अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक नाही, तिच्यासाठी रिपोर्ट करावा लागेल असा व्यवहारच करायचा नाही. क्रमांक घ्यायचा क्लायंटने, फी भरायची क्लायंटने, दर वर्षी रिन्यू करायचा क्लायंटने, आणि धंदा बंद पडणार तुमचा. मी तेव्हा ज्या फर्मसोबत होते तिथे क्लायंटना पहिलं पत्र गेलं ऑक्टोबरमध्ये, एक सर्वसाधारण ईमेल, आणि उत्तरं जवळपास आलीच नाहीत कारण क्लायंटच्या दृष्टीने ते त्यांचं काम नव्हतंच. शेवटी रिलेशनशिप मॅनेजर लोकांनी एकेकाला फोन केले, फॉर्म स्वतः भरून दिले, तेव्हा गाडी हलली. सगळ्या बाजारात हीच परिस्थिती होती, इतकी की युरोपच्या रेग्युलेटरने, म्हणजे एस्माने, २० डिसेंबर २०१७ ला म्हणजे दोन आठवडे उरलेले असताना सहा महिन्यांची सवलत जाहीर केली, तीही सरसकट नाही, क्लायंटच्या वतीने एलईआयचा अर्ज करायला लागणारी कागदपत्रं हातात असतील तरच. म्हणजे ज्यांनी आधी क्लायंटशी बोलणं सुरू केलं होतं त्यांनाच त्या सवलतीचा उपयोग झाला.

लायबोर, म्हणजे मोठ्या बँकांनी दिलेल्या आकड्यांवरून रोज ठरणारा आणि असंख्य करारांना जोडलेला व्याजदर, त्याचं तर अख्खं प्रकरणच दुसऱ्यांच्या सह्यांचं होतं. ब्रिटनच्या रेग्युलेटरचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू बेली यांनी जुलै २०१७ मध्ये एका भाषणात सांगितलं की २०२१ नंतर बँकांना लायबोरचे आकडे द्यायला आम्ही भाग पाडणार नाही. तो नियम नव्हता, नुसतं भाषण होतं. बंद व्हायच्या नेमक्या तारखा अधिकृतपणे जाहीर झाल्या त्या ५ मार्च २०२१ ला. मधली साडेतीन वर्षं खूप कंपन्यांनी "अजून अधिकृत काही नाही" म्हणत काढली आणि मग जागं झाल्यावर कळलं की नुसत्या डॉलर लायबोरला जोडलेले करार सुमारे २०० ट्रिलियन डॉलरचे आहेत असा अंदाज आहे आणि त्यातले आपल्याकडचे किती हेच कुणाला माहीत नाही. डेरिव्हेटिव्हचं, म्हणजे व्याजदर, चलन अशा कशावर तरी किंमत अवलंबून असलेल्या करारांचं, त्यातल्या त्यात बरं झालं कारण इस्डाचा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह बाजाराच्या संघटनेचा, प्रोटोकॉल होता, एकदा सही केली की सही केलेल्या सगळ्यांशी असलेले करार एकदम बदलायचे. कर्जांचं तसं नव्हतं, एकेका कर्जदाराशी बसून बोलावं लागलं. आणि बॉण्डचं आणखी अवघड, कित्येक बॉण्डमध्ये व्याजाची अट बदलायला प्रत्येक बॉण्डधारकाची संमती लागायची, जी व्यवहारात मिळणं शक्यच नाही. शेवटी अमेरिकेत त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, मार्च २०२२ मध्ये. ज्यांनी २०१८ मध्येच "निदान नवीन करारांत तरी फॉलबॅकची, म्हणजे लायबोर बंद पडला तर कुठला दर लावायचा याची, चांगली अट घालू" एवढं ठरवलं त्यांचा ढीग वाढायचा थांबला. त्याला बजेट असं काही लागलं नव्हतं, वकिलाने एक परिच्छेद लिहिला आणि सेल्सने तो वापरला.

म्हणून क्लायंटकडे गेल्यावर मसुदा हातात घेऊन पहिली बैठक कंप्लायन्ससोबत लावू नका, ऑपरेशन्स आणि लीगलसोबत लावा आणि प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा, हे करायला बाहेरच्या कुणाची गरज लागेल. क्लायंट, काउंटरपार्टी म्हणजे व्यवहारातली समोरची बाजू, कस्टोडियन म्हणजे शेअर-बॉण्ड सांभाळून ठेवणारी संस्था, क्लाउड देणारा व्हेंडर, डेटा विकणारा, ग्रुपमधली दुसऱ्या देशातली कंपनी, कुणीही. ग्रुप कंपनीला घरचं समजू नका, माझ्या अनुभवात तिची सही मिळायला कधी कधी बाहेरच्या व्हेंडरपेक्षा जास्त वेळ जातो कारण तिच्याशी लेखी करारच नसतो. ही यादी बनवायला जास्तीत जास्त दोन आठवडे लागतात आणि तुमच्या प्लॅनचा कणा तीच.

आता तारखेचं. वरची मंडळी म्हणतायत की तारीख पुढे जाईल, आणि खरं सांगायचं तर ते उगाच बोलत नाहीयेत. मिफिड टू एक वर्ष पुढे गेलं होतं, मुळात ते जानेवारी २०१७ चं. इन्शुरन्सच्या हिशेबांचं मानक आयएफआरएस १७ आधी २०२१ चं होतं ते २०२३ ला लागू झालं. बासेल ३ चा, म्हणजे बँकांनी किती भांडवल ठेवायचं याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, शेवटचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये ठरला तेव्हा जानेवारी २०२२ ची तारीख होती, कोविडमध्ये ती २०२३ केली, प्रत्यक्षात युरोपने जानेवारी २०२५ ला सुरू केलं आणि त्यातलाही ट्रेडिंग बुकचा, म्हणजे बँक खरेदी-विक्रीसाठी बाळगते त्या गुंतवणुकींचा, भाग आधी २०२६ आणि मग २०२७ पर्यंत लांबवला. तेव्हा "तारखा हलत नाहीत" असं क्लायंटला सांगायला जाऊ नका, ते खोटं ठरेल आणि तुमचा शब्द जाईल.

पण कुठल्या तारखा हलतात ते बघा, त्यात एक पॅटर्न आहे. रेग्युलेटरची स्वतःची किंवा सगळ्या बाजाराची सामायिक सिस्टीम तयार नसेल तर तारीख हलते, मिफिड टू ला तेच झालं, डेटा गोळा करायची यंत्रणा वेळेत होणार नव्हती. दुसऱ्या मोठ्या देशाने तोच नियम अजून लागू केलेला नसेल आणि आपल्या बँकांना तोटा होईल अशी भीती असेल तर हलते, ट्रेडिंग बुकच्या भांडवलाचं तसंच झालं. कोविडसारखं संकट आलं तर हलते. पण "कंपन्या तयार नाहीत" एवढ्याच कारणावर तारीख हललेली मला फार कमी वेळा दिसलीय. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, एप्रिल २०१६ ला मंजूर झाला, २५ मे २०१८ सांगितलं होतं, २५ मे २०१८ लाच लागू झाला. स्टर्लिंग लायबोरचं बँकांनी आकडे देणं २०२१ च्या शेवटी थांबलं ते थांबलंच. डोरा, म्हणजे युरोपचा वित्तीय कंपन्यांच्या डिजिटल सुरक्षिततेचा कायदा, १७ जानेवारी २०२५ ला लागू झाला, आणि त्यातली गंमतीची नाही तर काळजीची गोष्ट म्हणजे सब-कॉन्ट्रॅक्टिंगबद्दलचे तपशीलवार नियम प्रसिद्ध झाले जुलै २०२५ मध्ये. कायदा आधी लागू, तपशील सहा महिन्यांनी. जो तपशिलाची वाट बघत बसला तो तारखेच्या दिवशी मोकळ्या हाताने उभा होता.

तेव्हा मॅनेजमेंटला सांगायचं ते असं की तारीख हलेल की नाही यावर आपण पैज लावायची नाही, तारीख हलली तरी वाया जाणार नाही असं काम आधी करायचं. व्हेंडरचे करार कुठे आहेत ते शोधणं वाया जात नाही. क्लायंटची माहिती दुरुस्त करणं वाया जात नाही. महागडं सॉफ्टवेअर घेऊन मसुद्याप्रमाणे ते बसवणं मात्र वाया जाऊ शकतं, ते थांबवा, त्याबाबतीत तुमची वरची मंडळी बरोबर आहेत आणि तसं त्यांना मोकळेपणाने सांगा.

मसुदा वाचायचा कसा हेही सांगते कारण नवीन लोक तो पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि चाळीसाव्या पानावर दमतात. कन्सल्टेशन पेपरमध्ये, म्हणजे मसुदा देऊन लोकांची मतं मागवणाऱ्या कागदात, रेग्युलेटरने प्रश्न विचारलेले असतात, बहुतेक वेळा शेवटी एकत्र दिलेले असतात. ते आधी वाचा. जिथे प्रश्न विचारलाय तिथे त्यांचं अजून ठरलेलं नाही किंवा विरोध होईल याची त्यांना कल्पना आहे. जिथे प्रश्नच नाही तो भाग बहुतेक तसाच फायनल होतो. मग मसुद्याची एक प्रत घ्या आणि दोन रंगांत खुणा करा, पक्कं वाटतं ते एका रंगात, हलेल असं वाटतं ते दुसऱ्या. माझा अनुभव असा की हलणारा भाग बहुतेक आकड्यांचा आणि मुदतींचा असतो, किती दिवसांत कळवायचं, किती रकमेच्या वर लागू, किती फील्ड भरायचे. "कळवायचं की नाही" हे सहसा बदलत नाही. त्यामुळे घटना कळवायची प्रोसेस, कोण ठरवणार, कोण फोन करणार हे आत्ता ठरवता येतं, चार तास की चोवीस तास हा आकडा नंतर टाकता येतो.

आणि स्कोप नीट वाचा, खरंच नीट, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसा वाचतो. क्लिअरिंगमध्ये न जाणाऱ्या, म्हणजे मध्ये हमी देणारी संस्था नसलेल्या, डेरिव्हेटिव्हवर मार्जिन, म्हणजे तारण, द्यायचे नियम आले तेव्हा शेवटच्या दोन टप्प्यांत, सप्टेंबर २०२१ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, शेकडो लहान-मध्यम कंपन्या पहिल्यांदा त्या जाळ्यात येणार होत्या. प्रत्येक काउंटरपार्टीशी नवीन करार, वेगळं कस्टडी खातं, रोजचा हिशेब, नुसती यादी बघून लोक घाबरले होते. पण मार्च २०१९ मध्ये बासेल समिती आणि बाजार नियामकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयोस्को यांनी स्पष्ट केलं की एखाद्या काउंटरपार्टी ग्रुपसोबतचं इनिशियल मार्जिन, म्हणजे सुरुवातीला ठेवायचं तारण, ५ कोटी युरोच्या खाली असेल तर त्या नात्यासाठी कागदपत्रं आणि कस्टडीची व्यवस्था आधीच उभी करायची गरज नाही, फक्त त्या मर्यादेजवळ जातोय का ते बघत राहायचं. एका फंड मॅनेजरकडे आम्ही हे मोजायला बसलो तेव्हा तीसेक काउंटरपार्टींपैकी खरोखर मर्यादेजवळ जाणाऱ्या चारच निघाल्या. काम एकदम आटोक्यात आलं आणि त्या चारांवर पूर्ण जोर लावता आला. त्यातही शेवटी अडलं कुठे तर कस्टोडियनकडे, खातं उघडायची रांग लांबली होती कारण बाकी सगळा बाजारही त्याच दारात उभा होता. आम्ही वसंत ऋतूत अर्ज टाकला होता म्हणून निभावलं, आमच्यामागून आलेल्यांना काही काळ नवीन व्यवहार मर्यादेच्या आत ठेवायला लागले.

बाहेरच्यांनंतर दुसरा नंबर स्वतःच्या माहितीचा, आणि इथे कंपन्यांना स्वतःबद्दल फार गैरसमज असतो. डोरामध्ये प्रत्येक कंपनीने टेक्नॉलॉजी पुरवणाऱ्या सगळ्या व्हेंडरचं एक रजिस्टर ठेवायचं आहे, कुठला व्हेंडर, कुठला करार, कुठल्या कामासाठी, त्याच्या मागे आणखी कोण. ऐकायला सोपं. लागू व्हायच्या आधी २०२४ मध्ये युरोपच्या तिन्ही देखरेख संस्थांनी ऐच्छिक सराव घेतला, हजाराहून जास्त कंपन्यांनी रजिस्टर पाठवली, आणि सगळ्या तपासण्यांत पास झाली फक्त ६.५ टक्के. उरलेल्यातल्या निम्म्यांच्या ११६ पैकी पाचपेक्षा कमी तपासण्या चुकल्या होत्या, म्हणजे अगदी वाईट नव्हतं, पण बघा की ह्या स्वतःहून पुढे आलेल्या, तयारीतल्या कंपन्या होत्या. चुका कसल्या तर बऱ्याचशा रकाने रिकामे. माहिती कुठेतरी असते हो, पण ती प्रोक्युरमेंटच्या एका एक्सेलमध्ये, आयटीच्या दुसऱ्या, आणि सही केलेला करार कुणाच्या तरी मेलमध्ये जो दोन वर्षांपूर्वी सोडून गेला.

म्हणून माझी सवय अशी झालीय की गॅप अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे नियमाला काय हवं आणि आपल्याकडे काय नाही याचा, मोठा तक्ता बनवायच्या आधी एक नमुना काढायचा. दहा क्लायंट किंवा दहा करार किंवा दहा व्यवहार निवडायचे, सोपे पाच आणि मुद्दाम किचकट पाच, आणि मसुद्याप्रमाणे लागणारी माहिती हाताने भरायचा प्रयत्न करायचा. जिथे रकाना भरता येत नाही तिथे थांबून विचारायचं की हे कुणाकडे मिळेल. तीन-चार दिवसांचं काम. त्यातून जे कळतं ते सहा आठवड्यांच्या मुलाखतींतून कळत नाही, कारण मुलाखतीत प्रत्येकजण "हो ती माहिती आहे आमच्याकडे" असंच सांगतो आणि ते मनापासून सांगतो, त्याने कधी शोधून बघितलेली नसते. आणि जुन्या व्यवहारांना विसरू नका. डेरिव्हेटिव्ह रिपोर्टिंगचे सुधारलेले नियम युरोपात २९ एप्रिल २०२४ ला लागू झाले, फील्डची संख्या १२९ वरून २०३ झाली, आणि चालू असलेले जुने व्यवहारही १८० दिवसांत नव्या साच्यात आणायचे होते. नवीन व्यवहारात फील्ड भरायला सिस्टीम लावता येते, पाच वर्षांपूर्वीच्या व्यवहाराची माहिती कुणीतरी कागद उघडून शोधावी लागते.

कॅलेंडरबद्दल एक गोष्ट जी मला सुरुवातीला कुणी सांगितली नव्हती. मोठे नियम बऱ्याचदा वर्षाच्या सुरुवातीला लागू होतात, मिफिड टू ३ जानेवारी, कर्ज-गुंतवणुकींच्या हिशेबाचं मानक आयएफआरएस ९ हे १ जानेवारी, डोरा १७ जानेवारी. आणि बहुतेक वित्तीय कंपन्यांत डिसेंबरमध्ये चेंज फ्रीझ असतो, वर्षअखेरीचे हिशेब बिघडू नयेत म्हणून सिस्टीममध्ये कुठलाही बदल करू देत नाहीत, काही ठिकाणी नोव्हेंबरच्या मध्यापासूनच. म्हणजे नियमाची तारीख जानेवारीची असली तरी तुमची खरी तारीख नोव्हेंबरची सुरुवात. त्याच्या आधी टेस्टिंगचे दोन-तीन महिने धरा, व्हेंडरचं रिलीज त्याच्या आधी, आणि व्हेंडरला काय हवं ते सांगायची वेळ त्याच्याही आधी. उलटं मोजत आलं की दिसतं की निर्णय मार्चमध्येच व्हायला हवा होता. एका कंपनीत मी हा फ्रीझ लक्षात न घेता प्लॅन केला होता, ऑक्टोबरमध्ये रिलीज टीमने सांगितलं की तुमचा बदल आता फेब्रुवारीत, आणि दीड महिना रिपोर्ट हाताने बनवावे लागले, तीन माणसं रोज रात्रीपर्यंत बसायची. त्यानंतर मी कुठेही गेले की पहिल्या आठवड्यात रिलीज कॅलेंडर मागते.

काही नियमांत तर तारखेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं असतं. अमेरिकेत २८ मे २०२४ पासून शेअर्सचं सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि शेअर्सची प्रत्यक्ष देवाणघेवाण, टी प्लस वन झालं, म्हणजे व्यवहारानंतर एका कामाच्या दिवसात, युरोप, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड ११ ऑक्टोबर २०२७ ला जाणार आहेत. कागदावर एक दिवस कमी झाला एवढंच. पण दूरच्या टाइम झोनमधून व्यवहार करणाऱ्याला त्याच रात्री कन्फर्मेशन उरकायचं, डॉलर हवे असतील तर ते त्याआधी घ्यायचे, म्हणजे काहींच्या बाबतीत माणसं बसण्याच्या वेळा बदलणं हीच मुख्य तयारी. इथेही बघा, अडकतं ते बाहेरच, परकीय चलन देणारी बँक त्या वेळेला उघडी आहे का आणि कस्टोडियन सूचना किती वाजेपर्यंत घेतो. युरोपात धंदा करणारा क्लायंट असेल तर हे दोन फोन आत्ताच करायला लावा.

मसुद्यावर काम करताना अंदाज धरावेच लागतात, त्यात चूक काही नाही, चूक होते ते अंदाज लिहून न ठेवण्यात. एक साधी वही किंवा शीट ठेवा, कलम कुठलं, आपण त्याचा अर्थ काय धरला, का धरला, कुणी ठरवलं, कधी, आणि हा अर्थ चुकला तर कुठलं काम बदलेल. फायनल नियम आला की अख्खा प्लॅन परत उघडायचा नाही, ही शीट उघडायची आणि ओळीओळीने बघायची. दुसरा फायदा नंतर कळतो. दोन वर्षांनी तपासणीला आलेला अधिकारी विचारतो की तुम्ही हा प्रकार रिपोर्ट का केला नाही, तेव्हा ज्याने ठरवलं तो माणूस कंपनीत नसतो, आणि "आम्ही विचार करून हा अर्थ लावला, ही कारणं, ही तारीख" असं दाखवता आलं तर बोलणं वेगळ्या सुरात होतं. अर्थ चुकीचा निघाला तरीही. विचारच केला नव्हता असं दिसलं तर मात्र फार अवघड जातं.

माणसांचा मुद्दा छोटा पण जीवघेणा आहे. मध्यम कंपनीत तीन नियमांचे तीन प्लॅन वेगवेगळे व्यवस्थित दिसतात आणि तिन्हींत तीच चार नावं असतात. डेटा समजणारी एक बाई, करार बघणारा एक वकील, रिपोर्टिंग सिस्टीम आतून माहीत असलेला एक माणूस. तिन्ही प्लॅन एका कागदावर आणून फक्त त्या चौघांचे महिने मोजा. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्यांच्यावर अडीचपट काम आलेलं दिसेल. मग त्यांचं रोजचं काम दुसऱ्याला द्यायची सोय आत्ता करा, कारण बाहेरून आणलेला कन्सल्टंट, म्हणजे तुम्ही-मी, त्यांची जागा घेऊ शकत नाही, आपल्याला त्यांच्या कंपनीची माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

आणि लागू व्हायच्या तारखेला प्रोजेक्ट बंद करू देऊ नका. पहिला रिपोर्ट जातो, नाकारला जातो, दुरुस्त करून परत जातो, एक-दोन तिमाही हे चालतं. ब्रिटनमध्ये कन्झ्युमर ड्युटी, म्हणजे ग्राहकाचं भलं बघायची वित्तीय कंपन्यांवरची जबाबदारी, ३१ जुलै २०२३ ला विक्री चालू असलेल्या प्रॉडक्टना आणि वर्षभराने विक्री बंद झालेल्या प्रॉडक्टना लागू झाली, आणि त्यात बोर्डाने दर वर्षी स्वतः आढावा घेऊन मंजूर करायचा आहे, म्हणजे तो प्रोजेक्ट नाहीच, कायमचं काम आहे. ते कायमचं काम कुणाच्या नावावर जाणार हे नाव पहिल्या महिन्यात ठरवा आणि त्या माणसाला सुरुवातीपासून बैठकीत बसवा. मी अनेकदा बघितलंय की तयारी उत्तम होते, टीम विखुरते, आणि वर्षभराने साधा फॉर्म कसा भरायचा ते कुणाला सांगता येत नाही.

आता तुमच्या क्लायंटच्या वरच्या मंडळींकडे परत येऊ. त्यांच्यासमोर सगळ्या प्लॅनचं बजेट मागू नका, मसुदा फायनल नसताना ते कुणीच देणार नाही आणि द्यायलाही नको. तीन छोट्या परवानग्या मागा. पहिली, दहाचा नमुना करून बघायला ऑपरेशन्सची दोन माणसं एक आठवडा. दुसरी, आजपासून सही होणाऱ्या प्रत्येक नवीन व्हेंडर आणि क्लायंट करारात एक अट, की नियम बदलले तर दोन्ही बाजू माहिती देतील आणि कराराला आवश्यक त्या दुरुस्त्या करतील. तिसरी, बाहेरच्यांच्या यादीतल्या सगळ्यात मोठ्या पाच जणांना कंपनीच्या नावाने पत्र, की हा नियम येतोय, तुमची तयारी काय, तुमच्याकडून आम्हाला अमुक अमुक लागेल, कुणाशी बोलायचं. पत्रावर कंप्लायन्सची नाही तर कंपनीत धंद्याच्या बाजूने त्या नात्याची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याची सही घ्या, उत्तर लवकर येतं.

तीन आठवड्यांनी तुमच्या हातात भरता न आलेल्या रकान्यांची यादी असेल आणि पाचपैकी कदाचित दोघांची उत्तरं. ती दोन उत्तरं आणि उरलेल्या तिघांची शांतता घेऊन परत त्याच मंडळींकडे जा. ज्या व्हेंडरवर अर्धी कंपनी चालते त्याने तीन आठवड्यांत साधं उत्तरही दिलेलं नाही हे समोर ठेवलं की तारीख पुढे जाईल की नाही ह्यावरची चर्चा आपोआप मागे पडते आणि "ह्याला कुणी फोन करायचा" ह्यावर बोलणं सुरू होतं. तिथून पुढचं बजेट मागणं सोपं जातं.